चिखलावर पाय ठेवू नये

एका जंगलात त्या दिवशी वारा नावालाही नव्हता. वैशाखातलं ऊन, बाळांनो, सकाळी जे पाठीवर येऊन बसलं ते उतरायचं नाव घेत नव्हतं. पळसाची पानं वाळून कडक झाली होती. ससा नुसता चालला तरी पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. आभाळ पांढरं पडलं होतं. ढग होता एक, पण तो डोंगरापलीकडे, दुसऱ्यांच्या जंगलावर.

अशा दिवसांत तिथं पाणी एकाच ठिकाणी उरायचं. जांभळीच्या झाडाखाली. मधे दोन म्हशी बसतील एवढं पाणी, आणि भोवती लांबरुंद चिखल. चिखलावर सगळ्यांचे ठसे. चितळाचे नाजूक, डुकराचे आखूड, अस्वलाचे माणसासारखे. रोज पाण्यावर येणार, रोज पाय उमटणार. त्याचं कुणाला काही वाटत नसे. तुम्ही अंगणातून घरात येता तेव्हा मागं वळून पाय बघता का?

पाणी थोडं आणि पिणारे फार, म्हणून पाळ्या होत्या. पहाटे पाखरं. उन्हं वर आली की चितळं आणि ससे. मग डुकरं. तिसऱ्या प्रहरी गवे आणि नीलगायी. आणि दिवस बुडला की वाघ. या पाळ्या कुणी लिहून ठेवल्या नव्हत्या. वाघाच्या पाळीला बाकी कुणी तिथं थांबत नसे. ते तर लिहायची गरजच नव्हती.

त्या जंगलात केरबा नावाचा एक म्हातारा गवा राहत होता. अंगानं एवढा, की बसला की उठायला त्याला अर्धी सकाळ लागायची. मागच्या डाव्या पायाचा खूर चिरलेला. शिकलासवरलेला नव्हता. बोलायच्या आधी तोंडातला घास पूर्ण चावून संपवायची त्याला सवय होती. त्यामुळे पुष्कळदा तो बोलेपर्यंत विषयच संपून जायचा, आणि कुणाचं काही नुकसान होत नसे.

त्याच्या शेजारच्या गवतात तांबू नावाची नीलगाय राहायची. ती परवाच व्यायली होती. वासरू गवतात दडवून ती त्याच्यापाशी बसून होती. दीड दिवस पाण्यावर गेली नव्हती. आता दूध आटायला लागलं होतं. वासरू सड तोंडात धरायचं, ओढायचं, आणि सोडून द्यायचं.

"आबा," तांबू म्हणाली, "आज पाणी पोटात गेलं न्हाई तर ह्याच्या तोंडात काय घालू?"

केरबानं घास संपवला.

"चल," तो म्हणाला. "तिसरा प्रहर झालाच. आपलीच पाळी हाय."

"आन ह्याला?"

"निजू दे गवतात. आपण काय तिथं राहाया चाललोय व्हय? पाणी प्यायचं आन यायचं."

दोघं निघाले. केरबा म्हातारपणामुळं हळू, तांबू बाळंतपणामुळं हळू. जांभळीजवळ येतात तो गलका ऐकू आला.

पाणवठ्यावर जत्रा भरली होती. साधीसुधी नव्हे. कलाजत्रा.

आता ही कशी भरली ते सांगतो. त्या जंगलात एक कोल्हा होता. आधी त्याला सगळे नाम्या म्हणत. मधे तो दोन महिने गावाच्या वेशीवर राहून आला. तिथं एका मैदानात चित्रांचं प्रदर्शन भरलं होतं आणि मैदानाच्या मागं उष्ट्याचा ढीग होता. कोल्हा गेला होता ढिगासाठी, पण परत आला तो प्रदर्शन शिकून. आल्यावर त्यानं स्वतःचं नाव नमन ठेवलं. बोलताना तो आता डोळे अर्धे मिटायचा.

"आपल्या जंगलात सगळं आहे," नमन म्हणाला होता, "फक्त बघायची दृष्टी नाही."

हे ऐकून जंगलाला फार वाईट वाटलं. दृष्टी नाही म्हणजे काय! घुबडाला तर त्या दिवशी दुपारभर झोप लागली नाही. मग ठरलं. मोकळ्या आभाळाखाली जत्रा भरवायची, सगळ्यांनी आपापली कला मांडायची. आणि प्रवेश फुकट.

फुकट असलं की एक बरं असतं, बाळांनो. काय आहे, असं कुणी विचारत नाही.

वाटेच्या तोंडाशीच सुतार पक्षी बसला होता. त्यानं पुढ्यात एक ओंडका मांडला होता. ओंडक्याला तीन भोकं.

"किडं घावलं का?" केरबानं आपुलकीनं विचारलं.

"किड्यांसाठी नाही हो ते," सुतार म्हणाला. "याचं नाव 'आत'."

"आत काय हाय?"

"काही नाही. तेच तर आहे."

सुताराचं पोट खपाटीला गेलं होतं. केरबाला पुढं विचारायचं जिवावर आलं.

पलीकडे लाल मुंग्यांनी पानं शिवून बटवे केले होते. फार सुंदर शिवण. त्यात काय ठेवायचं असं तांबूनं विचारलं, तर मुंग्या म्हणाल्या, काही ठेवलं की फाटतो. त्यापुढं वानर बसलं होतं. बसल्या जागी ते कुणाचाही चेहरा काढून द्यायचं, दोन बोरांत. चेहरा कुणाचाही असो, यायचा वानराचाच. पण रानडुक्कर आपलं चित्र हातभर लांब धरून खूश झालं होतं.

"नाक जरा सुधारलंय," ते म्हणालं.

सगळं जंगल तिथं फिरत होतं. "दुपार अगदी स्वस्तात गेली," असं जो तो म्हणत होता. "नाहीतर घरी नुसते लोळलो असतो." बोलताना जीभ टाळूला चिकटत होती, त्यामुळं सगळ्यांचे शब्द जरा तुटक, जरा जपून आल्यासारखे वाटत. ऐकणाऱ्याला वाटावं, केवढी ही सुसंस्कृत मंडळी.

केरबा आणि तांबू गर्दीतून वाट काढत पाण्याशी पोचले. पोचले म्हणजे दोरीशी पोचले. चिखलाभोवती गुळवेलीची दोरी बांधली होती. दोरीला झाडाची साल लटकवली होती, आणि सालीवर काहीतरी लिहिलं होतं. शेजारी टिटवी राखणीला उभी होती.

"वाचा की," टिटवी म्हणाली.

"मला येत न्हाई बाई. तुमीच वाचा."

टिटवीनं मान ताठ केली. " 'ठसे. एक सामूहिक आविष्कार. माध्यम, चिखल. संकल्पना, नमन. कृपया चिखलावर पाय ठेवू नये.' "

केरबानं पलीकडच्या पाण्याकडं पाहिलं. "मग पाण्यापातुर जायचं कसं?"

टिटवीनं साल पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. "पाण्याचा यात उल्लेख नाही," ती म्हणाली.

दोरीभोवती ही गर्दी. जो तो आपला ठसा शोधत होता. "हा माझा! मागचा उजवा!" असं ससा सगळ्यांना हाताला धरून दाखवत होता. एक चितळीण तर आपल्या ठशाकडं बघून रडत होती. "मी एवढी खोल आहे, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही," ती म्हणत होती.

"पाणी प्यालास का रं?" केरबानं डुकराला विचारलं.

"छे! सकाळपासून कुणीच नाही. चितळांची पाळी गेली, आमची गेली." डुकरानं कोरड्या ओठांवरून कोरडी जीभ फिरवली. "पण पाणी काय आबा, रोजच पितो. असं रोज बघायला मिळतं का?"

"पाखरांनी तरी उडत जाऊन प्यायचं," केरबा म्हणाला.

"सावली पडते," टिटवी म्हणाली. "ठशांवर."

तेवढ्यात नमन आला. केरबाला बघून त्याचे डोळे पूर्ण उघडले आणि मग आठवणीनं अर्धे मिटले.

"या, या! आबा आले! आता जत्रेला शोभा आली."

"नाम्या," केरबा म्हणाला, "ही बाळंतीण हाय. दोन घोट घेईल आन जाईल. वासरू उपाशी हाय."

"आबा, भावना पोचल्या," नमन म्हणाला. "पण आज एकीला सोडलं, की सगळ्यांनाच तहान लागेल."

"लागलीच हाय की."

"कुणी बोललंय का तसं?"

केरबानं सभोवार पाहिलं. खरंच कुणी बोललं नव्हतं. सगळे चिखलाकडं बघत होते.

"कडंकडंनं जाईल ती."

"कड हाच तर याचा गाभा आहे."

"बरं. मग जत्रा संपती कवा?"

"दिवस बुडताना. प्रमुख पाहुणे येणार आहेत." नमननं आवाज खाली आणला. "वाघसाहेब."

केरबाचा घास तोंडातच थांबला. "दिवस बुडताना त्येंची पाण्याची पाळी असती."

"म्हणून तर त्यांना सोयीचं पडलं! नाहीतर त्यांच्यासारख्यांना वेळ कुठला." नमननं तांबूकडं पाहिलं. ती दोरीवरून पाण्याकडं मान ताणत होती. त्याला दया आली. दया त्याला लगेच येत असे. "तोवर बाईंना 'पाणी' दाखवा," तो म्हणाला. "वानरानं काढलंय. त्या सालीवर. फार गार वाटतं बघून."

तांबू गेली. मोठ्या सालीवर रानातल्या निळीनं पाणी काढलं होतं. लाटासुद्धा होत्या. तांबूनं एकदा पाहिलं आणि जीभ लावली.

"चाटू नका!" टिटवी किंचाळली. "चाटू नका हो! कुणीतरी धरा त्यांना!"

तांबूची जीभ निळी झाली. ओली झाली नाही.

ती केरबाजवळ परत आली. "आबा, चला घरी," ती म्हणाली. "दूध न्हाई तर न्हाई. त्याच्याजवळ बसते तरी. उठंल तवा आई दिसंल त्याला."

केरबा तोंडातला घास चावत राहिला. म्हातारा रागावला असं नमनला वाटलं. म्हाताऱ्यांना रागावू द्यायचं नाही, त्यांचा मान करायचा, हे तो गावाकडूनच शिकून आला होता. त्यानं केरबाच्या खांद्याशी उभं राहून चिखलाकडं बोट केलं.

"आबा, तुमचा ठसा बघितलात का? सगळ्यात मोठा! हा बघा, चिरलेला खूर. सकाळी मी सगळं भाषण त्याच्यावरच केलं. म्हटलं, हे नुसतं भंगलेपण नाही, हे जगणं आहे."

केरबानं मान खाली घालून नीट पाहिलं. "हा माझाच का?"

"तुमचाच! दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही. चारचौघांसमोर सांगतो मी."

"आन त्याच्याफुडचा?"

"तोही तुमचाच."

"त्याच्याबी फुडचा?"

"थेट पाण्यापर्यंत तुमचेच आहेत, आबा! या कलाकृतीत तुमचा वाटा फार मोठा आहे."

केरबानं घास संपवला. यावेळी विषय संपला नव्हता.

"बरं," तो म्हणाला. त्यानं पाय उचलला, दोरीवरून पलीकडं नेला आणि आपल्या ठशात ठेवला.

"अहो! पाय ठेवू नये!" टिटवी ओरडली.

"चिखलावर कुठं ठेवलाय, बाई? माझ्या ठशात ठेवलाय. बघा, इकडचं तिकडं झालं का काय."

टिटवी वाकून वाकून बघू लागली. काही हललं नव्हतं. पाय डब्याला झाकण बसावं तसा बसला होता. केरबानं दुसरा पाय उचलला. तोही बसला. तिसरा. चौथा. वर्षानुवर्षं तो त्याच वाटेनं, तेवढीच पावलं टाकत पाण्यावर जात होता. हळू चालणाऱ्याला वाट बदलायची हौस नसते.

"तांबू," मधे उभा राहून तो म्हणाला, "तुझे माझ्या डावीकडं हाईत. बघून ये. मधी तू थांबून मागं बघायचीस, तिथं दोन जास्तीचे हाईत. ते सोड."

तांबूनं पाय टाकला. बसला. दुसरा टाकला. पळसाचं पान पडलेलं ऐकू आलं. पाचव्या पावलाला तिचा गुडघा वाकला, सगळ्यांनी श्वास धरला, आणि ती सावरली. मग तिनं पाण्यात तोंड घातलं.

ती किती प्यायली ते मी सांगत बसत नाही. काठावरचा एक दगड आधी पाण्याखाली होता, तो नंतर वर दिसायला लागला, एवढं सांगतो.

परत येतानाचे ठसेही तिथं होतेच. त्यांच्या पाळीला पाण्यावर गेलेला परत येत असे.

दोघं दोरीबाहेर आले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. नमन हुशार. त्यानं लगेच दगडावर उडी घेतली.

"मित्रहो! आत्ता आपण पाहिलंत ते प्रत्यक्ष सादरीकरण! विषय, आपल्याच पावलांवरून चालणं. सादर करणारे, आपले आबा आणि नवोदित कलावंत तांबूबाई!"

चितळीण पुन्हा रडली. डुकराच्या डोक्यात मात्र काहीतरी चमकलं. त्यानं समोर आपला ठसा पाहिला, पुढचा पाहिला, पाण्याकडं पाहिलं, आणि पाय उचलला.

"ओ! खाली बसा! मागं दिसत नाही!" मागून आवाज आले.

"मी पण जरा..."

"सादरीकरण झालं, आता चर्चा आहे," वानर म्हणालं. "मधेच उठणं बरं दिसतं का?"

डुकराला ते पटलं. आपला चेहरा मांडीवर घेऊन ते खाली बसलं.

जाताना केरबा थांबला. "पाणी प्या रं समद्यांनी," तो म्हणाला. "आन दिवस बुडायच्या आत निघा."

त्यालाही टाळ्या पडल्या.

तांबू घरी पोचली. वासरानं सड तोंडात धरला, ओढला, आणि यावेळी सोडला नाही. त्याचे कान हलायला लागले. केरबा थोडा वेळ ते बघत उभा राहिला. मग बसला.

तिकडं दिवस बुडताना वाघ आला. आपल्या पाळीलाच आला, त्याची काही चूक नव्हती. इतकी वर्षं तो रिकाम्या पाणवठ्यावर पाणी पीत आला होता. आज बघतो तर सगळं जंगल ओळीनं बसलेलं, आणि पुढची रांग त्याच्या अगदी जवळ.

सालीवरचं काय ते त्यालाही वाचता येत नव्हतं. पण त्याला कुणी "वाचा की" म्हटलं नाही.

"साहेब," नमन म्हणाला, "एखादी गोष्ट मनात भरली असेल तर संकोच करू नका. आपलंच आहे सगळं."

वाघानं सगळं सावकाश पाहिलं. त्याच्या मनात चितळीण भरली. तीच, ठशाकडं बघून रडणारी. तो तिला घेऊन गेला. पाण्याचं मग बघू म्हणाला.

बाकीचे जीव घेऊन पळाले. पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, बाळांनो. एवढ्या पळापळीतसुद्धा एकानंही चिखलावर पाय ठेवला नाही. सगळे वळसा घालून पळाले. संस्कार लागतात त्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नमन केरबाकडं आला. फार आनंदात होता.

"आबा, जत्रा पाऊस पडेपर्यंत वाढवली. लोकांचाच आग्रह! काल पाहुण्यांनी दोरीला धक्कासुद्धा लावला नाही. केवढी जाण! चितळांचं दुःख आहेच. त्या ताईंच्या ठशाला आता आपण वेगळी दोरी करतोय." त्यानं डोळे अर्धे मिटले. "तर रोज तिसऱ्या प्रहरी तुमचं सादरीकरण ठेवलंय. फक्त एक सुचवू? चालणं अप्रतिम आहे. पिणं तेवढं गाळा. फार लांबतं."

केरबा घास चावत होता. तो संपेपर्यंत नमन निघून गेला होता. म्हाताऱ्यांचा होकार असाच असतो, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं.

तात्पर्य : तहान लागली तर बोलून दाखवू नये, इतरांचा विरस होतो. पाणी काय, पावसाळ्यात घरबसल्या मिळतं. वाघ आला तर जरूर पळावं, पण दोरी सांभाळून.

हे तात्पर्य नमननं जांभळीच्या खोडावर लिहून ठेवलं आहे. आठ दिवसांनी तांबूचं वासरू पहिल्यांदा तिच्या मागून पाणवठ्यापर्यंत चालत आलं, तेव्हा टिटवीनं ते केरबाला मोठ्यानं वाचून दाखवलं. केरबानं मान हलवली. तांबूचं लक्ष नव्हतं. ती वासराच्या चार कोवळ्या खुरांकडं बघत होती. मग ती म्हणाली,

"आबा, तुमचे ठसे हाईत. माझे हाईत. ह्याचा तिथं एकबी न्हाई. ह्यानं पाय कुठं ठेवायचा?"